इराकचं तेल आणि मुंबईहून निघालेली फौज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इराक आणि तेल हे दोन शब्द एकत्र आले की २००३ सालचे अमेरिकी रणगाडे आठवतात. त्याच्या ८९ वर्षं आधी एक परकी फौज त्याच बसऱ्याच्या वाटेनं आत शिरली होती. ती मुंबई बंदरातून निघाली, तिच्या डिव्हिजनचं नाव पुण्याचं होतं आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. ‘तेलासाठीच गेले होते ना?’ हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो आहे. उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे पान.

फौज कधी निघाली आणि तिला काय सांगितलं होतं?

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी सहाव्या पूना डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबईहून बोटीत बसली. ब्रिगेडियर जनरल डेलामेन तिचे प्रमुख होते. पलटणी चार: इंग्लंडची डॉर्सेट, २०वी पंजाबी, १०४वी वेलस्ली रायफल्स आणि ११७वी मराठा. शिपायांना वाटत होतं की आपण फ्रान्सला किंवा आफ्रिकेला चाललो आहोत. डेलामेन यांनी बंद पाकिटातले हुकूम भर समुद्रात उघडले, तेव्हा कळलं की इराणच्या आखाताकडे वळायचं आहे.

हुकुमात तीन कामं होती. इराणातल्या अबादान बेटावरची तेलाची रिफायनरी, टाक्या आणि पाइपलाइन सांभाळायची. मागून आणखी फौज आली तर तिला उतरायला जागा करून ठेवायची. आणि किनाऱ्यावरच्या अरब शेखांना दाखवून द्यायचं की तुर्कांविरुद्ध आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.

तारखा नीट पाहा. बोटी सुटल्या तेव्हा तुर्कस्तान युद्धात उतरलेलंच नव्हतं. फौज बहारीनजवळ नांगर टाकून थांबली. ब्रिटननं ५ नोव्हेंबरला युद्ध पुकारलं आणि ६ नोव्हेंबरला फौज बसऱ्याच्या दक्षिणेला, नदीच्या मुखाशी असलेल्या फाओला उतरली. बसरा पडायला आणखी जेमतेम दोन आठवडे लागले.

हुकुमातच तेल आहे. मग वाद कसला उरला?

इथेच गंमत आहे. हुकूम निघण्याआधी, २६ सप्टेंबर १९१४ ला, लंडनच्या इंडिया ऑफिसातले लष्करी सचिव सर एडमंड बॅरो यांनी एक टिपण लिहिलं होतं. त्यात त्यांनी सरळ सुचवलं होतं की फौज पाठवावी, वरकरणी कारण तेलाच्या कारखान्याच्या संरक्षणाचं द्यावं, पण खरा हेतू तुर्कांना दम भरणं आणि अरबांना आपल्या बाजूला ओढणं हा असावा.

म्हणजे १९१४ मध्ये तेल हे *दाखवायचं* कारण होतं. आपण नेहमी उलटं धरून चालतो: वरवर लोकशाही किंवा संरक्षण, आणि आत तेल. इथे सरकारी कागदच सांगतो की वरवर तेल आणि आत साम्राज्याचा दबदबा. खलिफा म्हणून तुर्की सुलतानानं जिहादची हाक दिली तर हिंदुस्थानातले मुसलमान काय करतील, कुवेत आणि मोहम्मराचे शेख कुणीकडे झुकतील, ही तेव्हाची खरी धास्ती होती.

चार वर्षांनी हे चित्र पूर्ण उलटलं. ते पुढे येईलच.

अबादानला एवढं काय होतं?

१९०१ मध्ये विल्यम नॉक्स डार्सी या धनाढ्य इंग्रजानं इराणच्या शाहाकडून ६० वर्षांचा तेलाचा मक्ता घेतला. किंमत २०,००० पौंड रोख, तितक्याच रकमेचे शेअर आणि नफ्यात १६ टक्के. सात वर्षं खणून हाती काही लागेना. पैसे संपत आले आणि काम गुंडाळायची वेळ आली, तेव्हा २६ मे १९०८ च्या पहाटे मस्जिद-ए-सुलेमान इथे तेल उसळलं.

त्या विहिरीवर पहाऱ्याला हिंदुस्थानातून आणलेली बंगाल लान्सर्सची एक छोटी तुकडी होती. तिचा तरुण लेफ्टनंट आर्नल्ड विल्सन. सांकेतिक लिपीची वही जवळ नव्हती म्हणून त्यानं तारेत बायबलातल्या स्तोत्रांचे आकडे पाठवले, आणि त्या ओळीत जमिनीतून निघणाऱ्या तेलाचा उल्लेख होता, अशी गोष्ट सांगतात. या विल्सनचं नाव लक्षात ठेवा.

१९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी निघाली. पाइपलाइन पडली, अबादानला रिफायनरी उभी राहिली, तिथे काम करायला मुंबई-कराचीकडून फिटर, कारकून, मजूर गेले. १९११ मध्ये चर्चिल नौदलाचे मंत्री झाले. कोळशावरच्या युद्धनौका तेलावर आणायचं त्यांनी मनावर घेतलं, पण त्यात एक मोठी मेख होती. कोळसा वेल्समध्ये घराशेजारी मिळायचा, तेल मात्र सगळं परमुलखातलं. म्हणून जून १९१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं २२ लाख पौंड मंजूर करून या कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला. सरकारच कंपनीचं मालक झालं. त्यानंतर चार महिन्यांत फौज अबादानच्या दिशेनं निघालेली आहे, त्यामुळे ‘तेलाचा काही संबंधच नव्हता’ असं म्हणणाऱ्यांनाही मी फार वेळ देत नाही.

पण हे तर इराणचं तेल. इराकच्या तेलाचं काय?

इराक हा देश तेव्हा नव्हता. बसरा, बगदाद आणि मोसूल असे तीन तुर्की सुभे होते. मोसूल-किरकुकच्या बाजूला जमिनीतून डांबर झिरपतं, ज्वाळा निघतात, हे तिथल्या लोकांना हजारो वर्षं ठाऊक होतं. त्या तेलावर इंग्रज, डच आणि जर्मन भांडवलाचा डोळा होता. शेवटी तिघांनी ‘टर्किश पेट्रोलियम कंपनी’ या नावाखाली वाटा ठरवून घेतला. तुर्कस्तानच्या वजीर-ए-आझमनं, म्हणजे पंतप्रधानानं, मोसूल आणि बगदादचा मक्ता या कंपनीला देण्याचं पत्र दिलं, त्याची तारीख २८ जून १९१४. त्याच दिवशी साराजेव्होला ऑस्ट्रियाचा युवराज मारला गेला. पत्र हातात राहिलं आणि पुढे अकरा वर्षं त्या एका पत्राच्या आधारावर कंपनी हक्क सांगत राहिली.

रिफायनरी सांभाळायला गेलेली फौज बगदादकडे का निघाली?

कारण कुठे थांबायचं ते कुणी ठरवलंच नव्हतं. बसरा घेतलं तर तिच्या रक्षणाला कुर्ना हवं. कुर्ना घेतलं तर अमारा हवं. जून १९१५ मध्ये अमारा पडलं, मग कुत, आणि कुत पडल्यावर बगदाद अगदी हाताशी वाटायला लागलं. तेलाशी या धावेचा संबंध फार कमी. पाइपलाइन खरंच तुटली होती ती फेब्रुवारी १९१५ मध्ये, इराणच्या हद्दीत अहवाझजवळ, आणि तिच्यासाठी वेगळी तुकडी तिकडे पाठवावी लागली होती. बगदादचा मोह होता तो नावाचा. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मार खाल्ल्यावर कुठेतरी विजय दाखवायला हवा होता.

नोव्हेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडची पूना डिव्हिजन बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला अडली, मागे फिरली आणि कुतमध्ये कोंडली गेली. वेढा १४७ दिवस चालला. सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे २३,००० लोक मेले किंवा जखमी झाले, तरी वेढा फुटला नाही. आत धान्य संपलं. घोडे मारून खायची वेळ आली, तेव्हा हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशानं परवानगी मागवली गेली, तरीही कित्येक शिपायांनी बरेच दिवस ते मांस तोंडाला लावलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. वाळवंटातल्या चालीत आणि कैदेत त्यातले हजारो दगावले.

या सगळ्याची चौकशी झाली, १९१७ मध्ये अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना खुर्ची सोडावी लागली.

मराठा पलटणी कुठे कुठे होत्या?

सुरुवातीला ११७वी. मागोमाग पूना डिव्हिजनच्या बाकीच्या ब्रिगेडी आल्या, त्यांत १०३वी आणि ११०वी. यांतल्या अनेकांच्या नशिबी कुत होतं. ११७व्या मराठा पलटणीला युद्धानंतर ‘रॉयल’ हा किताब मिळाला. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस, तहाच्या आदल्या दिवसापर्यंत मोसूलच्या वाटेवर शरकतला लढाई चालू होती, तिथे ११४वी मराठा होती. म्हणजे फाओच्या पहिल्या चिखलापासून मोसूलच्या दारापर्यंत आपली माणसं होतीच. हिंदुस्थानातून या एका आघाडीवर गेलेल्यांची संख्या सहा लाखांच्या आसपास जाते, आणि त्यांतले जवळपास निम्मे लढाऊ नव्हते: खेचरवाले, भिस्ती, डोलीवाले, धोबी, रेल्वे टाकणारे मजूर.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण पहिल्या महायुद्धात मेले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागलं ते उगाच नाही. घाटावर आणि कोकणात अशा संगमरवरी पाट्या बऱ्याच गावांत आहेत: या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत. दोन आकडे.

त्याआधी मराठी घरांना बसरा माहीत होतं ते नथीतल्या मोत्यांमुळे. १९१४ नंतर ‘बसऱ्याला गेला’ याचा अर्थ बदलला.

मग तेल हे खरं उद्दिष्ट झालं कधी?

मला विचाराल तर १९१८ च्या उन्हाळ्यात. युद्धानं दाखवून दिलं होतं की ट्रक, विमानं, पाणबुड्या, सगळं तेलावर चालतं, आणि ब्रिटनला बहुतेक तेल अमेरिकेकडून घ्यावं लागत होतं. जुलै १९१८ अखेर अॅडमिरल स्लेड यांनी साम्राज्याच्या तेलस्थितीवर टिपण दिलं: इराण आणि मेसोपोटेमियाचं, म्हणजे आजच्या इराकचं, तेल हातात हवंच. स्लेड हे सरकारतर्फे अँग्लो-पर्शियन कंपनीचे संचालकही होते, हे वाचकांनी जाता जाता टिपून ठेवावं. कॅबिनेट सचिव हँकी यांनी लगेच परराष्ट्रमंत्री बाल्फर यांना लिहिलं की या तेलावर ताबा हे पहिल्या प्रतीचं युद्धउद्दिष्ट मानायला हवं. बाल्फर यांना हे फारच साम्राज्यवादी वाटलं, कारण अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन तेव्हा राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाबद्दल बोलत होते. पण दोन आठवड्यांतच त्यांनीही सांगून टाकलं की व्यवस्था कुठलीही असो, तेल आपल्याला मिळालं पाहिजे.

३१ ऑक्टोबर १९१८ च्या दुपारी तुर्कस्तानशी शस्त्रसंधी लागू झाली. इंग्रजी फौज तेव्हा मोसूलला पोचलेली नव्हती. ती थांबली नाही. नोव्हेंबरात मोसूल शहर घेतलं आणि तुर्की सेनापतीला निघून जायला लावलं. युद्ध संपल्यावर घेतलेला हा मुलूख, आणि तेल होतं ते नेमकं याच सुभ्यात. १९१४ चं आणि १९१८ चं पाऊल शेजारी ठेवलं की फरक दिसतो: पहिल्यात तेलाचं नाव पुढे आणि हेतू मागे, दुसऱ्यात तेल आत आणि तोंडी मात्र शांतता, सुव्यवस्था वगैरे.

फ्रेंचांना मोसूल मिळणार होतं ना?

हो, तुर्की मुलूख आपसात वाटून घेण्याच्या ब्रिटन-फ्रान्सच्या १९१६ च्या साइक्स-पिको करारात ते फ्रान्सच्या प्रभावक्षेत्रात होतं. डिसेंबर १९१८ मध्ये लंडनला ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जनी मागितलं आणि फ्रेंच पंतप्रधान क्लेमांसोंनी देऊन टाकलं. बदल्यात एप्रिल १९२० मध्ये इटलीतल्या सान रेमोच्या परिषदेत फ्रान्सला टर्किश पेट्रोलियम कंपनीतला जर्मनांचा २५ टक्के वाटा मिळाला. ज्यांच्या जमिनीचा सौदा होता त्यांतलं कुणी त्या खोलीत नव्हतं.

ताबा म्हणजे रोजच्या जगण्यात काय?

माझ्याकडे एक टपाल तिकीट आहे, जुन्या तिकिटांच्या विक्रेत्याकडे पाच-सहा वर्षांपूर्वी मिळालेलं. मूळ तिकीट तुर्की, चित्र इस्तंबूलचं, किंमत पारा या तुर्की नाण्यात. त्यावर काळ्या शाईनं इंग्रजीत छापलंय: ‘इराक इन ब्रिटिश ऑक्युपेशन’. आणि खाली नवी किंमत, आण्यात! १९१८ ची ही मालिका. तुर्की कागद, इंग्रजी शिक्का, हिंदुस्थानी पैसा. तेव्हाचे राज्यकर्ते ‘ऑक्युपेशन’ हा शब्द तिकिटावर छापायला लाजत नव्हते, हेही खरं.

रुपया तिथे १९३२ पर्यंत चालला, तोवर इराकला स्वतःचा दिनार नव्हता. बसऱ्यात कायदे आले ते हिंदुस्थानातल्या कायद्यांच्या नमुन्यावर. अधिकारीही बरेचसे इकडूनच गेलेले. बसरा कायमचं हिंदुस्थान सरकारला जोडावं असा विचार काही वर्षं गंभीरपणे चालला होता.

लोकांनी हे चालवून घेतलं?

मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यावर जनरल मॉडच्या नावानं जाहीरनामा लागला की आम्ही जिंकायला नाही, सोडवायला आलो आहोत. मजकूर मार्क साइक्स यांचा, म्हणजे मुलूख वाटून घेणाऱ्या करारातल्याच साइक्सचा. लोकांनी तीन वर्षं वाट पाहिली. सान रेमोला ब्रिटनला इराकचं मँडेट, म्हणजे तिथला कारभार चालवायचा अधिकार, मिळाल्याचं कळलं आणि १९२० च्या उन्हाळ्यात रुमैथापासून बंड पेटलं. शिया, सुन्नी, टोळ्या, शहरातले लोक, सगळे त्यात उतरले. ते मोडायला पुन्हा हिंदुस्थानातूनच पलटणी मागवल्या. इराकी मृतांचा आकडा हजारांत, आणि ब्रिटिश तिजोरीला खर्च सुमारे चार कोटी पौंड.

त्या वेळी बगदादचा हंगामी मुलकी आयुक्त कोण होता? आर्नल्ड विल्सन. तेलविहिरीवरच्या पहाऱ्यापासून अख्ख्या देशाच्या कारभारापर्यंत बारा वर्षं. बंडानंतर त्याला तिथून हलवलं, आणि तो नोकरीला लागला तो थेट अँग्लो-पर्शियन कंपनीत. एका माणसाची कारकीर्द म्हणजे पुरावा नव्हे, पण मी शिक्षक असतो तर हा धडा त्याच्यापासूनच सुरू केला असता.

इराकला तेलाचा पैसा मिळाला का?

मिळाला, पण मालकी नाही. सान रेमोच्या करारात इराकी लोकांना २० टक्क्यांपर्यंत हिस्सा घेऊ द्यायची तरतूद होती. १४ मार्च १९२५ ला टर्किश पेट्रोलियम कंपनीला ७५ वर्षांचा मक्ता दिला गेला, तेव्हा तो हिस्सा गळाला होता. मिळाले ते टनामागे सोन्याच्या दरानं चार शिलिंग. दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. पण मोसूल इराकचं की तुर्कस्तानचं याचा निवाडा राष्ट्रसंघाकडे पडून होता आणि इंग्रजांच्या पाठिंब्याशिवाय तो इराककडे लागणार नव्हता. अशा वेळी सही करायला सांगितली तर कोण नाही म्हणणार? डिसेंबर १९२५ मध्ये मोसूल इराकला मिळालं. पुढच्या वर्षी तुर्कस्ताननं दावा सोडला, बदल्यात २५ वर्षं तेलाच्या रॉयल्टीत १० टक्के.

ऑक्टोबर १९२७ मध्ये किरकुकजवळ बाबा गुरगुरला तेल असं उसळलं की ते आवरायला आठवड्याहून जास्त गेला. १९२८ मध्ये या कंपनीतली वाटणी पक्की झाली: इंग्रज, शेल, फ्रेंच आणि अमेरिकी कंपन्या प्रत्येकी पावणेचोवीस टक्के, दलाली करणारे गुल्बेंकियन पाच. इराक शून्य. देश १९३२ मध्ये स्वतंत्र झाला तरी हब्बानिया आणि शैबाचे विमानतळ इंग्रजांकडेच राहिले, आणि १९४१ मध्ये ब्रिटनला न आवडणारं सरकार आलं तेव्हा बसऱ्याला पुन्हा हिंदुस्थानी फौज उतरली. या तेल कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं ते १ जून १९७२ ला.

लॉर्ड कर्झन तर म्हणाले होते की मोसूलच्या वादाशी तेलाचा संबंध नाही.

हो, तुर्कस्तानशी तह ठरवायला भरलेल्या लोझानच्या परिषदेत, जानेवारी १९२३ मध्ये, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री म्हणून. आपल्याकडे कर्झन म्हटलं की बंगालची फाळणी आठवते, त्यामुळे विश्वास ठेवायला मन तयार होत नाही. पण ते धादांत खोटं बोलत होते असंही नाही. उत्तरेच्या डोंगरांशिवाय बगदाद राखता येत नाही, आणि मोसूल गेलं तर इंग्रजांनी इराकच्या गादीवर नुकत्याच बसवलेल्या राजा फैसलचं राज्य लंगडं पडतं, हे मुद्दे खरे होते. फक्त, ज्या सरकारच्या मालकीच्या कंपनीचा त्या जमिनीवर दावा आहे, त्याच सरकारच्या मंत्र्यानं तेलाचा विचारही मनात आला नाही म्हणावं, हे जरा अतीच.

कायद्यानं ताबा घेणाऱ्याला दुसऱ्याचं तेल काढता येतं का?

१९०७ च्या हेग नियमांतलं कलम ५५ सांगतं की ताबा घेणारं राज्य सरकारी जमिनी, जंगलं वगैरेंचं फक्त वहिवाटदार असतं. फळ खावं, झाड तोडू नये. तेल एकदा काढलं की पुन्हा येत नाही, त्यामुळे ते फळ की झाड यावर वकील अजून भांडतात. अलीकडचं ठळक उदाहरण आफ्रिकेतलं आहे. काँगोच्या इतुरी भागात युगांडाच्या फौजेनं सोनं, हिरे, लाकूड लुटल्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २००५ मध्ये युगांडाला जबाबदार धरलं आणि २०२२ मध्ये ३२.५ कोटी डॉलर भरपाई ठरवली. त्यात नैसर्गिक संपत्तीचे ६ कोटी.

२००३ मध्येही तेच झालं?

तसंच्या तसं नाही. एप्रिल २००३ मध्ये बगदादचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं जात असताना तेल मंत्रालयावर मात्र अमेरिकी पहारा होता, हे लोक विसरलेले नाहीत. पण २००९ च्या लिलावांत रुमैला हे सर्वांत मोठं क्षेत्र ब्रिटिश आणि चिनी कंपन्यांनी मिळून घेतलं, दुसरं मोठं रशियाच्या वाट्याला गेलं, आणि मालकी इराककडेच राहिली. हेतू तेलाचा असला तरी फळ दुसऱ्यालाच मिळू शकतं. यावेळी भारतातून फौज गेली नाही. अमेरिकेनं मागितली होती, जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारनं नकार दिला.

आमचे पणजोबा बसऱ्याला होते असं घरी सांगतात. नाव कुठे सापडेल?

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर शोधायला गेलात तर निराशा होईल. त्याच्या भिंतींवर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. इंग्रज शिपायांची आणि सगळ्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांचे मात्र पलटणीखाली नुसते आकडे टाकले. स्मारकच १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमानं शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं.

त्यापेक्षा घरातली ट्रंक उघडा. एखादं जुनं पदक सापडलं तर समोरची बाजू सोडा, ते आडवं धरून कडेवर भिंग लावा. नंबर, नाव आणि पलटण तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत असते. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ हे पदक चांदीचं असेल तर ते बहुधा लढणाऱ्याचं. तेच पदक ब्राँझचं असेल तर ते बहुधा खेचरवाल्याचं, भिस्त्याचं किंवा मजुराचं, आणि अक्षरं झिजली असली तरी ते भंगारात घालू नका.